हसले तरी संशय

९ जानेवारी

बुद्धरत्न, माझा नवरा, उठायच्या आत घरातले सगळे पंखे पुसून झाले, माळा आवरून झाला आणि आयुष्याचा प्रश्नही सुटला. आईला गाडी शिकवायची!

एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं सुचली कशी नाही? मी पिंपळे गुरवातल्या अख्ख्या बायाबापड्यांना स्टिअरिंग धरायला शिकवते, आणि माझी सख्खी आई आकुर्डीत भीमराजच्या बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघते. वय अडुसष्ट. असू दे. पाय पोचतात, मोतीबिंदू काढून झालेत, शिव्या तर तिला आधीपासून येतात. ड्रायव्हिंगला अजून काय लागतं?

सकाळीच ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन गेले. भीमराज — माझा धाकटा भाऊ, पण जन्मापासून म्हातारा — विचारत होता, ताई, तुला झालंय काय. उत्तर द्यायला वेळ नव्हता. आईला प्राधिकरणातल्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. ड्रायव्हरच्या बाजूने आत बसताना तिने चपला बाहेर काढून ठेवल्या, घरात शिरताना ठेवतात तशा. आम्ही पहिल्या गिअरमध्ये पुढे गेलो, चपला रस्त्यातच राहिल्या. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

आई म्हणाली, "उद्या बी येशील का, आमे?" म्हटलं, रोज येणार. रोज!

डोकं कसं धुतलेल्या काचेसारखं झालंय. झोप लागत नाही, आणि नकोच वाटते. झोपेत किती आयुष्य फुकट गेलं माझं!

१४ जानेवारी

सोसायटीच्या तिळगुळाला जाहीर करून टाकलं — सी विंगमधल्या प्रत्येक बाईला ड्रायव्हिंगचे धडे, माझ्याकडून भेट. टाळ्या पडल्या. बुद्धरत्नने विचारलं, एवढा वेळ कुठून आणणार. म्हटलं, वेळ आणायचा नसतो, काढायचा असतो. हा माणूस चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टमध्ये खोट शोधतो आणि घरी आला की माझ्यात.

१९ जानेवारी

दिग्विजय नावाचा शिष्य आहे, हिंजवडीचा आयटीवाला. रिव्हर्स घेताना थरथरतो. त्याला रिव्हर्सवर, लग्नावर आणि आयुष्यावर एकत्रित व्याख्यान दिलं. तास संपला तरी माझं संपेना. तो म्हणाला, मॅडम, माझी कॅब चुकेल. माझ्या तोंडात साक्षात सरस्वती — नाही, आमच्यात सरस्वती नसते — तर माझ्या तोंडात जे काही असतं ते होतं.

२७ जानेवारी

आज गाडी नको वाटली.

४ फेब्रुवारी

आंघोळ नाही. साबण घ्यायचा, मग तो परत ठेवायचा — केवढं काम.

सी विंगच्या बाया फोन करतात. धडा कधी. फोन पालथा घालून ठेवला. कोण होती ती बाई जिने हे जाहीर केलं? तिला धरून आणा आणि तिच्याकडून करून घ्या. मी फक्त तिच्या जागेवर झोपते.

आईचा फोन. "आमे, मी तयार बसून हाय. बूट घातलेत." भीमराजच्या पोराचे जुने बूट घालून रोज सकाळी बसते म्हणे. मी म्हटलं, बरं नाही गं. ती म्हणाली, "मग रविवारी?" मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला रंग द्यायला झालाय. एवढंच लक्षात आलं.

११ फेब्रुवारी

बुद्धरत्न मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ते मला गेली काही वर्षं डिप्रेशनची गोळी देतात. परत खाली गेलात का, म्हणाले, आणि डोस दुप्पट केला. बिचारे. मी त्यांच्याकडे जाते तेव्हा नेहमी रडतच जाते. त्यांना वाटत असेल, ही बाई जन्मात कधी हसलीच नाही.

२५ फेब्रुवारी

गोळी आहे की अलादीनचा दिवा! उठले. नुसती उठले नाही, उडाले.

स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढायचं, फक्त बायकांसाठी. नाव ठरलं, बोर्डाचा रंग ठरला, तीन शिष्यांना सांगूनही झालं. आमचे मालक साहेबराव समोरच बसलेत हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. हरकत नाही. त्यांनाही पाहुणे म्हणून बोलवू.

मग वाटलं, बुद्धरत्नला सुखाचा घास द्यावा. त्याला एकट्याला कसा देणार? त्याच्या अख्ख्या डिपार्टमेंटसाठी धपाटे केले, मोठ्या पातेल्यात ठेचा भरला आणि रिक्षा करून चाकण गाठलं. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, अन्न आत न्यायला परवानगी नाही. मी त्याला माणुसकीवर बोलले. बराच वेळ बोलले. मागे ट्रक थांबले, हॉर्न सुरू झाले. बुद्धरत्न हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालून बाहेर आला. पातेलं माझ्या हातून घेतलं आणि म्हणाला, आम्रा, घरी चल.

हसायला हवं होतं त्याने. मी एवढी खूश, आणि हा माणूस सुतकात.

४ मार्च

आज एक गंमत झाली. गंमत नाही म्हणे.

दिग्विजयला ट्रॅफिकमधून गाडी कशी काढायची ते समजेना. म्हटलं, सर, मी दाखवते. त्याला बाजूला बसवलं, स्टिअरिंग घेतलं. हिंजवडीच्या वाटेवर सकाळची कोंडी, मुंगीला शिरायला जागा नाही. मला मात्र सगळीकडे जागाच जागा दिसत होती! दोन बसच्या मधून काढली, मग डिव्हायडरच्या कडेने — आणि गाडी डिव्हायडरवर चढली. पुढचं एक चाक हवेत. कोणाला लागलं नाही. बंपर गेला.

मी हसत होते. मग दिग्विजयकडे बघितलं. त्याने सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याच्या आईला फोन लावून तो म्हणाला, "काही नाही गं, सहज केला."

तरीही मी हसत होते. हे लिहिताना आता थांबलंय.

८ मार्च

महिला दिन. चिंचवडच्या मानसोपचार तज्ज्ञांकडून गुलाबाऐवजी रोगाचं नाव मिळालं.

डॉक्टर सायली. माझ्यापेक्षा लहान वाटल्या, म्हणून मी आधी त्यांनाच सल्ला दिला. त्यांनी तो ऐकून घेतला. मग विचारलं, "खाली पडल्यावर सगळेच डॉक्टरकडे येतात. वर असताना तुम्ही कधी गेलात का?"

मी म्हटलं, फार आनंद झालाय, औषध द्या, असं म्हणत कोण जातं? बुद्धरत्न बोलायला लागला. मी ऐकत राहिले. गेल्या पावसाळ्यातलं कपाट रंगवणं. गणपतीतलं अंथरूण. दिवाळीत मी शेजारणीच्या घराचे पडदे शिवले, आणि डिसेंबरात तिलाच दार उघडलं नाही. मग जानेवारी. मग फेब्रुवारी. ह्याने सगळं ओळीने लक्षात ठेवलंय. क्वालिटीवाला शेवटी.

तर ह्याला बायपोलर म्हणतात. चढ आणि उतार. आणि वर्षात चार किंवा जास्त वेळा असं झालं तर रॅपिड सायकलिंग. मी चारचा आकडा कधीच ओलांडलाय. शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, इथे आला!

मी विचारलं, म्हणजे तासाला मूड बदलतो तसं? त्या म्हणाल्या, नाही. सकाळी चिडणं आणि दुपारी हसणं हे कोणाचंही होतं. इथे एकेक फेरी आठवडे चालते, झोप बदलते, बोलणं बदलतं, माणूस काय करून बसेल ते बदलतं. फेऱ्या एकमेकींच्या जवळ आल्या की वेग वाढतो, बस. आणि ती दुप्पट केलेली गोळी? नुसती खालून वर ढकलणारी गोळी काही जणांना जास्तच वर फेकते, आणि फेऱ्याही भराभर होतात. ती एकदम नाही, हळूहळू काढायची. नवी हळूहळू चढवायची. अंगावर पुरळ आलं तर लगेच फोन करायचा. रक्त तपासायचं. ठरल्या वेळी झोपायचं.

आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, शिकवायची नाही.

एवढं सगळं ऐकलं, पण रडू फक्त ह्या शेवटच्या वाक्याला आलं.

१० मार्च

आईला सांगायला गेलो. आजाराचं नाव सांगितलं, रॅपिड सायकलिंगसकट. ती विचारात पडली. म्हणाली, "डाक्टरनं सायकल चालवाया सांगितली व्हय? मग गाडीचं काय?"

भीमराज हसला. मी पण. मग दोघंही एकदम गप्प झालो, कारण मी हसले की आता सगळे माझ्याकडे बघतात.

१७ मार्च

थायरॉइडही निघालं. ते बिघडलं की ह्या फेऱ्यांना जोर येतो म्हणे. आता उपाशीपोटी एक गोळी, रात्री एक, जुनी कमी होत चाललेली एक. मी चालतं मेडिकलचं दुकान.

संध्याकाळी चहा घेताना बुद्धरत्नला विचारलं, मी अंथरुणावर पडून असते ते दिवस तुला फार जड जातात ना. आम्ही आयटीआयला एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे.

तो म्हणाला, "ते नाही गं. तेव्हा तू घरात असतेस, मला माहीत असतं तू कुठे आहेस. तू सकाळी गाणं म्हणत उठतेस ना, तेव्हा मला भीती वाटते. शिफ्टला जातो, पण लक्ष फोनकडे."

मला वाटायचं, मी खूश असते तेव्हा तरी ह्याला सुख असेल. इतकी वर्षं मी त्याला माझ्या दृष्टीने सगळ्यात चांगली बायको देत होते, आणि तो बसमध्ये बसून घाबरत होता. कप विसळला. परत विसळला.

२९ मार्च

साहेबरावांना सांगायचं होतं. बंपरचं त्यांना ठाऊक होतंच. बाकीचं सांगायचं होतं. ऑफिसबाहेर दोनदा फिरून परत आले. लोक काय म्हणतील — ड्रायव्हिंग शिकवणारी बाई डोक्याने गेलेली. मीच ग्राहक असते तर स्कूल बदललं असतं.

शेवटी आत जाऊन एका दमात सांगितलं. आजार, गोळ्या, गाडी बंद. साहेबराव टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही वेगळं स्कूल काढत नाही आहात?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी मोठा श्वास सोडला. महिनाभर माणूस त्याच काळजीत होता. आजाराचं त्यांना थोडं कळलं, थोडं नाही. त्यांच्या मेव्हण्याला फिट येते, ती फिट आणि माझं हे त्यांनी एकत्रच केलं. मी समजावलं. शेवटी म्हणाले, डॉक्टरचं पत्र येईपर्यंत ऑफिसात बसा, रस्त्यावरच्या खुणांचा वर्ग घ्या, लायसनच्या परीक्षेची तयारी करून घ्या. दिग्विजयला फोन करून माफी मागा, असं मात्र बजावून सांगितलं. तसा मी केलाच होता. तो म्हणाला, मॅडम, तब्येत सांभाळा. रिव्हर्स जमायला लागलंय त्याला. दुसऱ्या मास्तरांकडे.

१४ एप्रिल

भीमजयंती. पिंपरीत रात्रीच्या मिरवणुकीला जायचं नाही, झोपेची वेळ चुकेल, म्हणून आम्ही सकाळीच अभिवादन करून आलो. पांढरी साडी, आकुर्डीहून आई, भीमराज, वहिनी, सगळे.

भीमराजने काहीतरी विनोद केला. बरा होता — तो वर्षातून एकदाच करतो. मी मोठ्याने हसले. तीन माना फिरल्या. वहिनीने हळूच विचारलं, ताई, गोळी घेतली ना? बुद्धरत्नने विचारलं नाही, फक्त घड्याळात बघितलं.

परवा मालिकेत कोणीतरी मेलं म्हणून डोळे पुसले, तर ह्याने टीव्हीच बंद केला. काल भाजीवाल्याशी भांडले — कांदे खरंच सडके होते! — तर घरी येऊन ह्याने विचारलं, झोप किती झाली. म्हणजे आता माझं हसणं, रडणं, चिडणं, सगळं आधी तपासणीला जाणार आणि मग पास होणार. मलाही आता ठरवता येत नाही. हसू आलं की मी स्वतःच्या नाडीला हात लावते. हे माझं का आजाराचं?

९ मे

खाली. गोळी घेऊनसुद्धा. मला वाटलं होतं, आता हे प्रकरण मिटलं.

डॉक्टर सायली म्हणाल्या, असं होणार. लगेच थांबत नाही, आधी फेऱ्या एकमेकींपासून लांब जातात, मग उथळ होतात. मी म्हटलं, मॅडम, मला उथळच ठेवा, मी तशीच आहे.

हसल्या त्या. मी हसले नाही.

१६ मे

ह्या वेळी आंघोळ चुकली नाही. रडत रडत केली, पण केली.

२ जून

बरी आहे. सपाट. इडलीसारखी.

खरं लिहिते, इथे कोण बघतंय. मला जानेवारीची ती बाई आठवते. वेडी होती, लोकांना त्रास दिला, डिव्हायडरवर चढली. पण काय झळकत होती! हातात गोळी धरून उभी राहिले आणि वाटलं, एक आठवडा सोडून बघावी का. कोणाला कळणार?

आई सध्या आमच्याकडे राहायला आहे, भीमराजकडे रंगकाम चाललंय. तिला बोलले हे. ती म्हणेल, घे बाई औषध, असं वाटलेलं. तर म्हणते कशी, "खरं सांगू का, आमे, मला बी ती जानेवारीची आवडली व्हती. ही दुसरी लई शहाणी हाय, गाडीत बसवत न्हाई."

आईकडून सल्ला मागायचा नाही, हे एकेचाळिसाव्या वर्षी शिकले. मी चिडले. म्हटलं, तुझ्या गाडीसाठी मी परत वेडी होऊ का? तीही चिडली, मला वेडी कोण म्हणालं म्हणून. मग ती तिची बीपीची गोळी घेईना आणि मी माझी. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना, दोन डब्या पुढ्यात. बुद्धरत्न सेकंड शिफ्टला निघत होता. बूट घालता घालता थांबला. म्हणाला, तुम्ही दोघींनी घेतल्याशिवाय मी जात नाही, बस गेली तरी चालेल.

आई म्हणाली, "जावई गरीब हाय, त्याची गाडी चुकाया नगं." आधी तिने घेतली. मग मी.

३० जून

काही विशेष नाही. खुणांचा वर्ग. पाऊस. पोहे खारट झाले. कोणी काही म्हणालं नाही.

२० जुलै

पत्र मिळालं! गाडी चालवायला हरकत नाही, तीन महिन्यांनी परत दाखवायचं. साहेबरावांनी पत्र दोनदा वाचलं. आधी बाजूला मास्तर बसवून मलाच शिकाऊ शिष्य केलं. अख्ख्या पिंपळे गुरवात माझी वरात.

२७ जुलै, रविवार

आईला नेलं. प्राधिकरण, तोच रस्ता. आता तिच्याकडे शिकाऊ लायसन आहे. भीमराजने कुरकुरत काढून दिलं, डॉक्टरचा दाखलाही आणला. बूट घालून आली होती.

पहिला गिअर. दुसरा टाकायला ती तयार नाही — हाच बरा हाय म्हणाली. गाडी बैलगाडीच्या वेगाने चालली. एक कुत्रं मधोमध झोपलेलं. आईने हॉर्न नाही वाजवला, काच खाली केली आणि त्याला म्हणाली, "सरक बाबा, मी नवीन हाय." ते उठलं, सरकलं.

वळण तिने एकटीने घेतलं. मी हात मांडीवर ठेवले होते, पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर. मला आनंद झाला. मी तो तपासला. झोप झालेली, बोलणं हळू, कोणाला काही जाहीर करावंसं वाटत नाही, धपाट्यांचा विचार नाही. साधाच होता. आकाराने लहान. पूर्वीच्यापुढे अगदी पोरगेला.

येताना आई म्हणाली, "पुढच्या येळेला दुसरा टाकू."

१९ ऑगस्ट

आई गेली. काल पहाटे, आकुर्डीला, झोपेत.

मी रडायची थांबतच नाही. भीमराज म्हणाला, हिला काहीतरी द्या. वहिनी माझा गोळ्यांचा डबा घेऊन आली. बुद्धरत्नने डॉक्टर सायलींना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, विचारलं, काय देऊ.

त्या म्हणाल्या, रात्रीची नेहमीची द्या, आणि झोप होतेय का बघा. मग म्हणाल्या, "बाकी काही नको. रडू द्या त्यांना. त्यांची आई गेलीय."